जे कधी अखंड नव्हतेच

दुरुस्ती हा शब्द आपण फार विश्वासाने वापरतो. घड्याळ दुरुस्त केले, कौले दुरुस्त केली, वाक्य दुरुस्त केले. या सगळ्यात एक गोष्ट गृहीत असते: ही वस्तू आधी कधीतरी धड होती, मग बिघडली, आणि आता आपण तिला पुन्हा पहिल्यासारखी करतो आहोत. पण एखादी गोष्ट मुळात कधी धड, अखंड नव्हतीच, तर तिची दुरुस्ती म्हणजे नेमके काय? आपण तिला पूर्ण करतो तेव्हा काय करत असतो?

हा प्रश्न मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात भेटला नाही. तो जुन्या डीव्हीडींमुळे पडला. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, रत्नागिरीत राहून काम करतो, आणि फावल्या वेळात वाडीतल्या, नात्यागोत्यातल्या लोकांच्या जुन्या कॅसेटी आणि डीव्हीडी संगणकात उतरवून देतो. लग्ने, बारशी, शिमग्यातली पालखी, गणपतीतली जाखडी. आमच्याकडे हे काम रेंगाळत ठेवून चालत नाही. चार महिन्यांच्या पावसात कपाटातल्या कॅसेटींना बुरशी येते, आणि घरी बर्न केलेल्या डीव्हीडीचा थर किती वर्षे तग धरेल हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. म्हणून लोक पिशवी भरून आणून देतात आणि एकच मागणी करतात: मोबाइलवर नीट दिसेल असे करून दे.

मोबाइलवर ते नीट दिसत नाही. कॅमेरा स्थिर आहे तोवर चित्र बरे असते. कोणी हलले, हात उचलला, की त्या हाताची कड फणीच्या दातांसारखी आडव्या रेषांनी फाटते. माझे एक काका त्याला सरळ ‘फणी’च म्हणतात. “तेवढी फणी काढून टाक रे,” असा त्यांचा निरोप असतो. हा लेख म्हणजे ती फणी काढायची की नाही, आणि काढायची तर कोणत्या हक्काने, याचा विचार आहे.

आधी ती येते कुठून ते पाहू. भारतात दूरचित्रवाणीसाठी जी पद्धत होती तिच्यात चित्राच्या ६२५ रेषा असत, त्यांतल्या ५७६ रेषांत प्रत्यक्ष चित्र. सेकंदाला अशी २५ चित्रे. पण पडदा सेकंदाला फक्त २५ वेळा उजळला तर डोळ्यांना लुकलुक जाणवते, आणि ५० पूर्ण चित्रे पाठवायची तर दुप्पट बँडविड्थ लागते. यावर अभियंत्यांनी एक हुशार तोड काढली. एका वेळी अर्ध्याच रेषा पाठवायच्या: आधी एकाआड एक अशा २८८, मग मधल्या उरलेल्या २८८. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. सेकंदाला ५० फील्ड. काचेच्या जुन्या टीव्हीवर पहिल्या रेषा विझता विझता दुसऱ्या उजळत, आणि डोळा दोन्ही जुळवून घेई. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हापासून कित्येक पिढ्यांनी जे पाहिले ते असेच, अर्धे अर्धे. कोणाला त्यात काही कमी वाटले नाही.

यात एक बारकावा आहे, आणि सगळा प्रश्न त्यातच दडला आहे. व्हिडिओ कॅमेरा आधी पूर्ण चित्र घेऊन मग त्याचे दोन भाग करतो, असे नाही. तो पहिल्या रेषा एका क्षणी टिपतो आणि मधल्या रेषा त्यानंतर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने, म्हणजे २० मिलिसेकंदांनी. ही दोन अर्धी चित्रे दोन वेगवेगळ्या क्षणांची असतात. तेवढ्या वेळात नाचणाऱ्याचा पाय सेकंदाला दोन मीटर वेगाने खाली येत असेल, तर तो चार सेंटिमीटर सरकलेला असतो. आजचा पडदा मात्र सगळ्या रेषा एकदम दाखवतो. तो ही दोन अर्धी चित्रे एकात एक विणतो, आणि दोन क्षणांमधले ते चार सेंटिमीटर आपल्याला फणीचे दाते म्हणून दिसतात.

म्हणजे दोष चित्रणात नाही. दोन क्षणांना एक क्षण म्हणून दाखवण्यात आहे.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवतो. ती दिसते अगदी अशीच, पण तिचे मूळ वेगळे आहे. बोलपट सेकंदाला २४ चित्रांनी घेतला जातो, आणि फिल्मवरचे प्रत्येक चित्र पूर्ण असते. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली दामले आणि फत्तेलाल यांनी केला तेव्हा विष्णुपंत पागनीस फिल्मच्या एकेका चौकटीत सबंध उमटले. अशी फिल्म टीव्हीवर आणायची तर २४ चित्रांचा मेळ टीव्हीच्या वेगाशी घालावा लागतो. या क्रियेला टेलिसिने म्हणतात. अमेरिकेत आणि जपानमध्ये सेकंदाला साधारण ६० फील्डची पद्धत होती. तिथे फिल्मचे एक चित्र दोन फील्डपुरते आणि पुढचे तीन फील्डपुरते धरून ठेवत. समजा फिल्मवर क, ख, ग, घ अशी चार चित्रे आहेत. त्यांची दहा फील्ड होतात: क क ख ख ख ग ग घ घ घ. दोन-दोनच्या जोड्या लावल्या की पाच चित्रे मिळतात: कक, खख, खग, गघ, घघ. पहिली दोन आणि शेवटचे स्वच्छ. मधल्या दोघांत दोन वेगळी चित्रे विणली गेली, तिथे फणी.

भारतात पद्धत ५० फील्डची असूनही आपल्या चित्रपटांच्या अनेक डीव्हीडी या अमेरिकी मापाने निघाल्या, कारण परदेशातला प्रेक्षकही डोळ्यासमोर होता. त्यामुळे एकाच पिशवीतून माझ्याकडे दोन्ही प्रकार येतात. वरवर पाहता आजार एकच. पाच चित्रांपैकी तीन स्वच्छ आणि दोन फाटकी असा ठेका दिसला, तर मागे फिल्म आहे. हलणारे प्रत्येक चित्र फाटके असेल, तर मागे व्हिडिओ कॅमेरा आहे. हे ओळखण्यासाठी एक-एक चित्र पुढे सरकवत बसावे लागते. कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

कारण उपचार एकमेकांच्या विरुद्ध आहेत. टेलिसिने उलटवता येते. तिसऱ्या जोडीतला ग आणि चौथ्या जोडीतला ग शोधून जुळवला की ग पुन्हा सबंध होतो. मग पाचातले एक जादा चित्र काढून टाकायचे, आणि फिल्मची मूळ चार चित्रे हाती येतात. काहीही अंदाजाने भरावे लागत नाही. काही डीव्हीडींत तर याहून सुंदर व्यवस्था असते: तबकडीवर २४ चित्रेच साठवलेली असतात आणि सोबत फक्त एक खूण, की हे फील्ड दाखवताना पुन्हा एकदा दाखव. खुणेकडे दुर्लक्ष केले की मूळ चित्रपट समोर असतो. मात्र फणी दिसली म्हणून व्हिडिओवरचा उपाय या फिल्मवर चालवला, तर जी चित्रे जशीच्या तशी परत मिळणार होती त्यांच्या अर्ध्या रेषा आपण अकारण फेकून देतो. उलट, गणपतीतल्या चित्रणावर फिल्मचा उपाय चालवला, तर दर पाचातले एक चित्र, म्हणजे प्रत्यक्ष घडलेले क्षण, जादा समजून काढून टाकले जातात.

मराठी माणसाला हा भेद नवा वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षांच्या नकलांत शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले, आणि पुढच्यांनी त्यात आपली ओवी घालू नये असेही बजावले. हे काम अर्थपूर्ण आहे, कारण कधीतरी ज्ञानदेवांनी सांगितलेली एक ज्ञानेश्वरी होती. नकलांमागे मूळ होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली ती १९१९ साली. ती पुरी व्हायला १९६६ उजाडले. देशभरच्या हस्तलिखितांतून एकेका श्लोकाचा पाठ निवडला, आणि जे पाठ निवडले नाहीत ते फेकले नाहीत, पानाच्या तळाशी छापले. संपादकाचा निवाडा आणि त्या निवाड्याविरुद्धचा पुरावा एकाच पानावर. मला एखाद्या अभियांत्रिकी पुस्तकापेक्षा जास्त या एका सवयीने शिकवले आहे.

पण जात्यावरच्या ओवीची शुद्ध प्रत कोणती? तिचे मूळ कुठे आहे? या घरात ती एका तऱ्हेने म्हटली गेली, त्या घरात दुसऱ्या. तिथे ‘शुद्ध’ करायला बसलेला माणूस मुळाकडे जात नसतो, तर सोळावी तऱ्हा तयार करून तिला पहिली म्हणत असतो. टेलिसिने ज्ञानेश्वरीच्या नकलेसारखे आहे. इंटरलेस्ड व्हिडिओ जात्यावरच्या ओवीसारखा. त्या अर्ध्या चित्रांच्या मागे अखंड चित्र नाही. हरवले असे नाही, ते कधी नव्हतेच. त्या क्षणी उरलेल्या २८८ रेषा जगात कुठेही नोंदल्या गेल्या नाहीत.

तरी लोकांना मोबाइलवर बघायचे असतेच, आणि ती मागणी रास्त आहे. मग पर्याय काय? एक, अर्धी फील्ड टाकून द्यायची. उरलेली रेषा न् रेषा खरी, पण अर्धे क्षण गेले. दोन, दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळून टाकायची. फणी जाते, जागी धूसर सावली येते, एका पायाचे दोन पाय होतात. तीन, प्रत्येक फील्डच्या मधल्या रेषा वरच्या-खालच्या आणि आधीच्या-नंतरच्या रेषांवरून अंदाजाने भरायच्या आणि सेकंदाला ५० पूर्ण चित्रे करायची.

तिसरा मार्ग सगळ्यात चांगला दिसतो आणि मीही बहुधा तोच घेतो. पण तो काय करतो हे नीट समजून घेतले पाहिजे. यादिफसारखे फिल्टर चित्रात कुठे हालचाल आहे ते पाहतात. जिथे हालचाल नाही तिथे दोन्ही फील्ड जशीच्या तशी विणतात, कारण भिंत २० मिलिसेकंदांत कुठे जात नाही. जिथे हालचाल आहे तिथे मात्र अंदाज. म्हणजे तयार झालेल्या चित्रात मांडवाचा खांब पूर्ण खरा असतो, मागचा पडदा खरा, ट्यूबलाइट खरी. आणि नाचणारा माणूस निम्मा तर्काने भरलेला. जे स्थिर होते ते जसेच्या तसे, आणि ज्याच्यासाठी कॅमेरा चालू केला होता तेच अंदाजाने.

हे माझ्या मनात पक्के झाले ते एका जाखडीच्या चित्रणाने. २००३ च्या गणपतीत आमच्या वाडीत शक्ती-तुऱ्याचा सामना झाला होता. मधोमध ढोलकी, झांज आणि गाणारे, भोवती रिंगण करून नाचणारे, पायात चाळ. त्यात माझे चुलत आजोबा होते. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. मला आठवतो तो फक्त चाळांचा आवाज. कॅसेटवरून पुढे तालुक्याच्या ठिकाणच्या एका स्टुडिओने डीव्हीडी करून दिली आणि कॅसेट बुरशीने गेली. त्या डीव्हीडीत एक गफलत होती: फील्डचा क्रम उलटा नोंदला होता. आधीचे अर्धे चित्र नंतर आणि नंतरचे आधी. त्यामुळे सगळे नाचणारे दोन पावले पुढे, एक मागे असे थरथरत. वाडीत सर्वांनी ती डीव्हीडी ‘खराब’ म्हणून ठेवून दिली होती. त्याऐवजी कोणीतरी कधीतरी तिच्यावरून केलेली एक गुळगुळीत फाइल व्हॉट्सअॅपवर फिरत होती. तीत थरथर नव्हती, फणी नव्हती. ती ‘चांगली’.

प्रत्यक्षात उलटे होते. खराब डीव्हीडीत प्रत्येक फील्ड शाबूत होते. कोणते फील्ड आधी हे सांगणारी एक खूण चुकीची होती, एवढेच. ती उलटी वाचायला सांगितली की थरथर थांबली. एका ठिपक्यालाही हात लावावा लागला नाही. चांगल्या फाइलमध्ये मात्र दोन-दोन क्षण एकमेकांत कालवलेले होते. दुधात पाणी घातल्यावर ते गाळून काढता येत नाही, तसे. कुरूप दिसत होते ते सगळेच्या सगळे परत मिळाले. सुबक दिसत होते ते कायमचे गेले.

हे कोणाच्या जिव्हारी लागावे असे आहे का? वाडीतल्या काही मुलांसाठी आहे. मुंबईत वाढलेली ही मुले गणपतीला गावी येतात आणि त्यांना जुन्या चाली, जुनी पावले शिकायची आहेत. शिकवणारी माणसे एक-एक करून गेली. उरले आहे ते हे चित्रण. पाय ढोलकीच्या थापेवर पडतो की थापेच्या किंचित आधी उचलला जातो, यात त्या नाचाची सगळी खुमारी आहे. गुळगुळीत फाइलमध्ये पायाच्या जागी दोन सावल्या दिसतात आणि पाय टेकला केव्हा ते कळत नाही. ५० चित्रांच्या फाइलमध्ये ते कळते, तिथल्या निम्म्या रेषा अंदाजाच्या असूनही. कारण तिथे रेषा कल्पित आहेत, पण वेळ खरी आहे. फील्ड टाकून केलेल्या फाइलमध्ये रेषा खऱ्या आणि वेळ निम्मी गेलेली. अखंड चित्र कधी नव्हतेच, त्यामुळे ते बनवताना कुठेतरी खोटे बोलावे लागणारच. प्रश्न एवढाच की आपण कोणते खरे राखायचे ठरवतो. नाचात मी वेळ राखतो. लग्नातल्या उभ्या ग्रुप-फोटोसारख्या दृश्यात रेषा राखतो. हा निवाडा यंत्र करत नाही. तो मी करतो, आणि म्हणून तो मला सांगता आला पाहिजे.

वेळ राखण्याची किंमत फिल्मकडेही दिसते. ५० फील्डच्या देशांत टेलिसिनेची रूढ पद्धत वेगळी: फिल्म सरळ सेकंदाला २५ चित्रांनी पळवायची. फणी नाही, जोड्या नाहीत, प्रत्येक चित्र अखंड. फक्त दोन तासांचा चित्रपट चार मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंद आधी संपतो, आणि आवाजही तसाच पळवला तर प्रत्येक सूर अर्ध्या स्वराच्या सुमारे सत्तर टक्के वर चढतो. प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये, १९३५ साली, बालगंधर्वांनी एकनाथांची भूमिका केली. असा चित्रपट या पद्धतीने उतरवला की गंधर्वांच्या पट्टीपेक्षा वरची पट्टी कानांवर पडते. चित्र निर्दोष, गळा बदललेला. तंबोरा घेऊन बसलेल्याला तो फरक कळेल. इतरांना कळणार नाही आणि त्यांच्या दृष्टीने गंधर्वांचा आवाज तोच होऊन बसेल. हाही बदल उलटवता येतो, पण कोणाला तो झाला आहे हे ठाऊक असेल तरच.

इथून पुढचा भाग मला अवघड जातो. मागच्या वर्षी माझ्या एका चुलतभावाने त्या जाखडीतला आजोबांचा चेहरा मोबाइलमधल्या एका एआय अॅपवर टाकला. मूळ चित्रात तो चेहरा जेमतेम तीस ठिपक्यांचा आहे; दोन डाग म्हणजे डोळे, एक रेघ म्हणजे मिशी. अॅपने त्यातून सुस्पष्ट चेहरा काढला. पापण्या, सुरकुत्या, मिशीचा केस न् केस. चुलत आजीला दाखवला. ती ऐंशीच्या घरात आहे. तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “हो, असेच होते ते.”

मी काय बोलणार? तो चेहरा लाखो अनोळखी चेहऱ्यांच्या सरासरीतून आलेला आहे, त्या तीस ठिपक्यांत त्या सुरकुत्या नव्हत्याच, हे मला ठाऊक होते. पण ज्या बाईने त्या माणसाबरोबर पंचेचाळीस वर्षे काढली तिला मी ‘हे आजोबा नव्हेत’ असे सांगायचे? तिच्याजवळ हार घातलेला एकच फोटो आहे. तिला आनंद झाला. आनंदाला खोटे ठरवण्याचा अधिकार मला कोणी दिला?

शिवाय माझ्या बाजूने युक्तिवादही तितका भक्कम नाही. मी ज्या फिल्टरने रेषा भरतो तोही अंदाजच करतो. तो शेजारच्या रेषा पाहतो, अॅप दुसऱ्यांचे चेहरे पाहते. फरक प्रमाणाचा आहे, जातीचा नाही, असे कोणी म्हटले तर? आपली आठवणसुद्धा काय करते? दोन प्रसंगांतली रिकामी जागा भरते, आणि भरलेले काय नि घडलेले काय हे आपल्यालाही सांगता येत नाही. काचेच्या टीव्हीसमोर बसलेला डोळा दोन अर्धी चित्रे जुळवतच होता. मग यंत्राने जुळवले तर बिघडले कुठे?

यावर बराच विचार करून मी जिथे पोचलो ते असे. पूर्ण करून बघणे हा बघणाऱ्याचा हक्क आहे. डोळ्याने ते केले, आठवणीने केले, आजीने त्या चेहऱ्यात केले. तिच्याकडे तुलना करायला खरा माणूस होता; अॅपचा चेहरा तिने आपल्या आठवणीशी ताडून पाहिला आणि स्वीकारला. तो तिचा व्यवहार, त्यात मी पडू नये. पण माझ्या पुतणीने आजोबांना कधी पाहिलेले नाही. तिच्यासाठी ताडून पाहायला काही नाही. तिच्या हाती तो सुस्पष्ट चेहराच दिला, आणि ते तीस ठिपके पुसून टाकले, तर आपण तिला आजोबा दिले असे होत नाही. अंदाज आहे हे ओळखण्याची तिची शक्यताच आपण काढून घेतली, असे होते. जे तुलना करू शकतात त्यांच्याशी थोडे सैल वागले तरी चालते. जे पुढे येणार आहेत आणि तुलना करू शकणार नाहीत, त्यांच्याशी काटेकोर वागावे लागते. आणि यादिफ व अॅप यांतला भेद मला इथेच दिसतो. यादिफने भरलेल्या रेषांच्या मधोमध मूळ रेषा जशाच्या तशा असतात. अॅपच्या चेहऱ्यात मूळचा एकही ठिपका आपल्या जागी सापडत नाही. पहिल्यापासून मागे जायला वाट आहे. दुसऱ्याने वाट बुजवली.

म्हणून मुळात अखंड नसलेल्या गोष्टीची दुरुस्ती कशी करावी, याचे माझे उत्तर साधे आहे. तिला पूर्ण करावे, कारण माणसांना पूर्ण बघायचे असते; पण ज्याने ती अपूर्ण होती ते फेकू नये. भांडारकरच्या पानाच्या तळाशी नाकारलेले पाठ असतात, तसे आपल्या तळाशीही काहीतरी असावे. हे फक्त डीव्हीडीपुरते नाही, असे मला आताशा वाटू लागले आहे. घराण्याचा इतिहास लिहिणारे, गावच्या देवळाची कथा सांगणारे, गेलेल्या माणसाबद्दल शोकसभेत बोलणारे, सगळेच मधल्या रेषा भरत असतात. भरल्याशिवाय गोष्ट होत नाही. फरक एवढाच, की काही जण भरलेले कुठले ते विचारल्यावर सांगू शकतात.

व्यवहारात मी आता प्रत्येकाला दोन फाइली देतो. एक मोबाइलवर बघायची, ५० चित्रांची, फणी नसलेली. दुसरी डीव्हीडीची जशीच्या तशी उतरवलेली, फाटक्या कडांसकट. दुसरी बहुतेक जण उघडतही नाहीत, आणि काकांनी तर “ही फणीवाली कशाला दिलीस?” म्हणून विचारलेही. जागा जाते, हे खरे. एका तबकडीत ४.७ गिगाबाइटपर्यंत माल असतो. पण पेन ड्राइव्ह आता स्वस्त झाले आहेत.

सोबत एक मजकुराची छोटी फाइल असते. आजोबांच्या जाखडीबरोबरच्या फाइलमध्ये असे लिहिले आहे: मूळ चित्रण २००३, गणपती. सेकंदाला ५० अर्धी चित्रे. डीव्हीडीवर फील्डचा क्रम उलटा नोंदलेला आहे, खालचे आधी वाचावे. बघायच्या फाइलमध्ये जिथे जिथे काही हलते आहे, तिथल्या निम्म्या रेषा संगणकाने अंदाजाने भरल्या आहेत. पाय केव्हा पडला ते खरे आहे.